हात बसल्यावर

मी एका पतसंस्थेत तेवीस वर्षं कॅशियर आहे. नोटा मोजायचं यंत्र आमच्याकडे उशिरा आलं, त्यामुळे माझी बोटं अजूनही यंत्राआधी मोजून मोकळी होतात. या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. कॅश कमी भरते ती नव्याने लागलेल्या पोराच्या हातून नव्हे. ते पोरगं घामाघूम होऊन एकेक गड्डी तीनदा मोजतं, गिऱ्हाईक वैतागतं, पण संध्याकाळी पैसा न् पैसा जुळतो. कमी भरते ती आमच्यासारख्यांची. समोरच्या बाईशी तिच्या मुलीच्या लग्नाविषयी बोलता बोलता ज्यांची गड्डी मोजून होते, त्यांची.

सहा वर्षांपूर्वी मला इन्सुलिन सुरू झालं, तेव्हा हे शहाणपण कामी यायला हवं होतं. आलं नाही.

गोळ्यांवर मी अकरा वर्षं काढली होती. त्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे वळवला, ‘आता टाळून चालणार नाही’ म्हणाले आणि पेन दाखवलं. जाडसर शाईपेनासारखं दिसणारं, मागे फिरवायचं बटण, फिरवलं की टिक-टिक वाजणारं. ३०/७० नावाचं मिश्रण, सकाळी १४ युनिट, रात्री १०. पहिल्या रात्री आम्ही दोघं सत्यनारायणाला बसावं तसे जेवणाच्या टेबलाशी बसलो. हे माहितीपत्रकाची पोथी वाचत होते आणि मी यजमानासारखी सांगितलं तेवढं करत होते. हात धुवा. पेन दोन्ही तळहातांत दहा वेळा घोळवा, मग दहा वेळा सावकाश खाली-वर करा, कारण यातला पांढरा, हळू काम करणारा भाग तळाशी बसतो आणि चटकन काम करणारा नितळ भाग वर राहतो. दुधासारखं एकजीव झालं पाहिजे. सरबतासारखं खळाखळा हलवायचं मात्र नाही. नवी सुई बसवा. दोन युनिट फिरवून हवेत सोडा, सुईच्या टोकाला थेंब दिसला की पुढे जा. आता आकडा लावा. बेंबीपासून निदान दोन बोटं सोडून सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबा, दाबलेलंच ठेवून दहा आकडे म्हणा, मग बाहेर.

बावीस मिनिटं लागली. एकही चूक झाली नाही.

खरं तर सुईची भीती मला नव्हतीच. सासूबाईंना मी अडीच वर्षं टोचलं होतं. ते २००८ सालचं. त्या आटपाडीकडच्या गावी राहायच्या, मुलाकडे सांगलीला यायला तयार नव्हत्या, म्हणून मी आणि नणंद आळीपाळीने जाऊन राहायचो. तेव्हाचं भारनियमन ज्यांना आठवतंय त्यांना फ्रिजचं वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात आईंचा फ्रिज म्हणजे भांडी ठेवायचं पांढरं कपाट. मग इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या डबीत, डबी गार पाण्याच्या मडक्यात, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलेलं आणि ते मडकं देवघराच्या कोपऱ्यात. कुणी आलं की आई सांगायच्या, “देवापाशी ठिवलंय, त्यो सांबाळतोय की.” सांभाळत होतं ते बाष्पीभवन. त्या भागातली हवा इतकी कोरडी की फडकं तासाभरात वाळायचं, आणि तेवढीच उष्णता मडक्यातून ओढून न्यायचं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी, उघडलेली साधारण चार आठवडे घरच्या हवेत चालते, पण आमच्याकडच्या एप्रिलमधली घरची हवा ही त्या कागदावरची घरची हवा नव्हे. मडक्याने आमची लाज राखली. गंमत म्हणजे पुढे सांगलीत, चोवीस तास वीज असताना, मी स्वतःच्या दोन रिफिली वाया घालवल्या. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात अगदी मागे, बर्फाच्या भिंतीला चिकटवून ठेवल्या होत्या. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पुन्हा बरं दिसू शकतं, पण ते कामाचं राहत नाही. वरचा कप्पा सगळ्यात गार म्हणून सगळ्यात चांगला, असा माझा हिशोब.

आईंच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली ती या सगळ्यापेक्षा मोठी होती, आणि ती चूक आहे हे नऊ दिवस कुणालाच कळलं नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. दुसरी १०० ची, केशरी टोपणाची. लाल आणि केशरी. रंग निवडणाऱ्या माणसाला साठीच्या पुढचे डोळे आणि चाळीसचा बल्ब कधी भेटले नसावेत. एकदा सिरिंजा संपल्या, भाच्याला तालुक्याला पाठवलं, तो जी मिळाली ती पुडी घेऊन आला. मी टोपणाकडे बघितलं नाही. मी ‘२०’ ही खूण बघत होते, आणि २० दोन्हीवर असतं.

आईंची शुगर चढत गेली. आम्ही त्यांच्या जेवणावर संशय घेतला. नणंदेने तर गुळाचा डबा कुलपात ठेवला. आई चिडून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि माझंही तोंड वाजलंच. मग एका दुपारी मला जुनी लाल टोपणाची सिरिंज खिडकीत सापडली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर हिशोब मांडला. केशरी सिरिंजवरची २० ची खूण म्हणजे ०.२ मिली. बाटली ४० ची, म्हणून पोटात जात होतं ८ युनिट. विसाच्या जागी आठ, नऊ दिवस, दोन्ही वेळा. मग त्याच स्लिपवर उलटं मांडून पाहिलं: बाटली १०० ची आणि सिरिंज लाल असती तर? २० ची खूण म्हणजे अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. मी पेन खाली ठेवलं. गुळाचा डबा कुलपातून काढून आईंच्या समोर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला ठावं होतं, गुळाचं काय न्हाई त्यात.” एवढंच.

तेव्हा मी नवखी नव्हते. दीड वर्ष टोचून झालं होतं. पहिल्या महिन्यात मी टोपण, बाटली, तारीख, सगळं बघत होते.

तर माझ्या स्वतःच्या पेनाकडे येते. बावीस मिनिटांची दहा झाली, दहाची तीन, आणि वर्षभरात मी खांद्यावर मोबाइल दाबून, कुकरच्या शिट्ट्या मोजत टोचायला लागले. वेळ कमी कशी झाली? पायऱ्या गळत गेल्या म्हणून. घोळवणं पहिल्यांदा गेलं. दोनदा हलवलं की झालं. मग हवेत सोडायचे दोन युनिट गेले. हे माझ्यातल्या कॅशियरने केलं. ३०० युनिटची रिफील, रोज २४ लागतात, म्हणजे साडेबारा दिवस पुरायला हवी. आणि ही रोज चार युनिट हवेत उडवायची, तर अकरा दिवसही धड नाही. न टोचलेल्या औषधाचे पैसे कशाला, म्हणून मी थेंब बघणं सोडलं. तो थेंब म्हणजे सुई चोंदलेली नाही आणि मध्ये हवा नाही याची पावती असते, हे माहीत होतं. पण रोजच थेंब येतो म्हटल्यावर पावती कोण मागतं?

मग सुई. एक सुई एकदाच वापरायची असते. मी ती आठ-आठ दिवस वापरायची, आणि काढून तरी कशाला ठेवायची म्हणून पेनावरच बसवलेली. उन्हाळ्यात पेनाच्या टोपणात ओल दिसायची. गरमीने आतलं औषध प्रसरण पावतं आणि सुईवाटे झिरपतं, गार झालं की तीच सुई हवा आत ओढते, आणि मिश्रणातलं जे गळतं ते कोणत्या प्रमाणात गळतं हे कोण सांगणार. मी टोपण पदराने पुसायची आणि पुढे जायची.

माझ्या मामांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आमच्या घरात ती अजून हसत सांगतात आणि मला मात्र तिच्यात हसण्यासारखं कमीच दिसतं. मामा वीस वर्षं सिरिंजने घ्यायचे, हात पक्का. मुलाने कौतुकाने पेन आणून दिलं. पंधरा दिवसांनी भेटले तर खूश: “अगं, काय शोध आहे! सुई लागतच नाही. कळतही नाही टोचल्याचं.” शुगर मात्र साडेतीनशे. बनियनवर पोटापाशी कसले डाग पडतात म्हणून मामी वैतागलेल्या. पेनाच्या सुईला दोन टोपणं असतात, एक बाहेरचं मोठं आणि आत सुईवरच बसलेलं एक बारीक नळीसारखं. मामा मोठं काढायचे, बारीक तसंच. प्लास्टिकची नळी पोटाला टेकवून ते रोज दोन वेळा बटण दाबत होते आणि इन्सुलिन बनियन घेत होती. वीस वर्षांच्या सवयीत टोपण एकच होतं.

दुखत नाही म्हणजे छान चाललंय, ही समजूत मामांची होती तशीच माझी निघाली.

मी उजव्या हाताची. रात्री टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसायचं, गाऊन वर घ्यायचा आणि बेंबीच्या डाव्या अंगाला टोचायचं. रोज तिथेच. दुसरीकडे टोचलं तर चावायचं, इथे काहीच नाही. म्हणून तीच माझी जागा. तीन वर्षांत १४ चे २६ झाले आणि १० चे २०. दर खेपेला डॉक्टर विचारायचे, गोड खाता का, चालता का. मी म्हणायची चालते. आणि दोन युनिट वाढायची. शेवटी एकदा त्यांच्याकडे नवीन सिस्टर आली होती. तिने मला आत नेलं.

“काकू, पोट दाखवा.”

मला वाटलं सोनोग्राफीचं काहीतरी आहे. तिने बोटांना जरा साबणाचं पाणी लावलं आणि चपातीची कणीक चाचपावी तशी चार बोटं हळूहळू फिरवत आणली. डाव्या बाजूला थांबली. माझाच हात धरून तिथे ठेवला. “हे बघा.” मी तीन वर्षं रोज दोन वेळा त्या जागी सुई लावत होते आणि हाताने कधी चाचपून पाहिलं नव्हतं. कातडीखाली लिंबाएवढी मऊसर गादी होती, रबरासारखी. उजवीकडे तसं काही नव्हतं. दिसत नव्हती, बोटालाच कळत होती.

इन्सुलिन हे साखर पेशींत नेतं आणि चरबी साठवायलाही सांगतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा दिलं, त्यात सुई बोथट असली, की तिथली चरबी फुगते. त्या गुठळीत संवेदना कमी, म्हणून तिथे दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचतो, म्हणून ती वाढते. आणि त्या गादीत सोडलेलं इन्सुलिन रक्तात कधी किती पोचेल याला धरबंध राहत नाही. म्हणजे मी भरणा करत होते, पण खात्यावर जमा होत नव्हता. जमा होत नाही म्हणून डॉक्टर भरणा वाढवत होते.

पुढे मी याविषयी वाचलं तेव्हा एक गोष्ट मनाला चिकटली. माणसाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत दिलं गेलं, लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. गुरांच्या स्वादुपिंडाचा तो अर्क इतका अशुद्ध होता की साखर जेमतेम उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झालं. कॉलिप नावाच्या रसायनतज्ज्ञाने पुढचे बारा दिवस खपून अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचलं, आणि पोरगं सावरलं. शंभर वर्षांपूर्वी त्या मुलाच्या अंगावर आलेली गाठ कुणीतरी पाहिली आणि त्यावरून काम सुधारलं. माझी कुणी पाहिली नव्हती, यात मीही आले.

सिस्टरने नकाशा काढून दिला. पोटाचे चार भाग, एकेक आठवडा एक. त्या भागातही आधीच्या जागेपासून बोटभर सरकायचं. मांड्यांचा पुढचा-बाहेरचा भागही चालतो. गुठळीच्या वाटेला जायचं नाही, ती काही महिन्यांत विरघळत जाते. आणि डॉक्टरांनी बजावलं: आता निरोगी जागी टोचणार, म्हणजे सगळं औषध लागू पडणार, म्हणून सकाळचे २६ नको, २०, रात्रीचे २० नको, १४, आठवडाभर रोज शुगर बघा आणि मला कळवा. मी कागदावर लिहून घेतलं. घरी येऊन ह्यांना वाचून दाखवलं.

त्या रात्री मांडीवर टोचलं. छान चावलं, म्हणून बरं वाटलं.

अडीचच्या सुमाराला जाग आली ती गाऊन पाठीला चिकटल्यामुळे. पंखा पाचवर होता. ओठ बधिर, छातीत धडधड, आणि पोटात अशी भूक की जशी बाळंतपणातही लागली नव्हती. शुगर उतरली आहे हे मला कळत होतं. साखर खायची हेही कळत होतं. स्वयंपाकघरात गेले, साखरेचा डबा खाली घेतला आणि त्याचं झाकण कोणत्या बाजूला फिरवायचं ते मला सुचेना. फिरवत होते, उघडत नव्हतं. मला त्या झाकणाचा इतका संताप आला की मी रडायला लागले. तो डबा पंधरा वर्षं आमच्याकडे आहे.

आवाजाने हे उठून आले. त्यांनी आधी काय करावं, तर फ्रिजमधला पेढा आणला. पेढ्यात खवा असतो, स्निग्धांश साखरेला सावकाश रक्तात जाऊ देतो; अशा वेळी साधी साखर हवी. हे सगळं मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. मी त्यांचा हात ढकलला आणि डबा दाखवला. तीन चमचे साखर, अर्धा पेला पाणी. ते ढवळत असताना मी बोट टोचलं. पट्टीवर रक्त लावायला दोन पट्ट्या वाया गेल्या. ४८. पाणी प्यायले. पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत जमिनीवर बसलो. ६३. पुन्हा तेवढंच. मग ९७, आणि मग दूध-पोळी. पहाट झाली होती.

“किती घेतलं होतंस?” ह्यांनी विचारलं.

वीस. मला स्वच्छ आठवत होतं. पेनाला खिडकी आहे, तीत आकडा दिसतो, पण मी खिडकी बघतच नाही. मी टिक-टिक मोजते, नोटा मोजाव्या तशी, कानाने आणि बोटाने. वीस टिक मोजल्या होत्या, एकही इकडची तिकडे नाही. मोजणी बरोबर होती. आकडा आदल्या दिवसाचा होता.

आता मी खिडकी बघते आणि आकडा मोठ्याने म्हणते. घरात कुणी असलं तर ते ऐकून हसतात, हसू देत. सुई दर वेळी नवी, आणि थेंब पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. चार युनिट रोज हवेत जातात, त्याचं दुःख अजून होतं, खोटं कशाला बोलू.

राहता राहिला सगळ्यात साधा घोळ. सकाळी घाईत एकदम थबकायचं: टोचलं का मी? कालचं टोचणं आणि आजचं टोचणं डोळ्यांसमोर सारखंच दिसतं. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही, शुगर बघायची आणि अडलं तर डॉक्टरांना विचारायचं, हे पाठ आहे. पण शंकाच येऊ नये म्हणून मी आधी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायची. सहा महिने छान चाललं. मग एक दिवस सकाळीच माझ्या हाताने रात्रीचीही खूण करून टाकली. खूण करायलाही हात बसला होता.

म्हणून आता वाटी. देवपूजा झाली की स्टीलच्या एका छोट्या वाटीत त्या दिवसाच्या दोन सुया काढून ठेवते. टोचली की एक कमी. वाटीत दोन म्हणजे राहिलंय, एक म्हणजे सकाळचं झालंय, रिकामी म्हणजे गप झोप. कागदावर काहीही लिहिता येतं, पण वापरलेली सुई वाटीत परत येत नाही. दिवसअखेर पेटीत हात घालून मोजायचं, वहीवर विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्या जुन्या मॅनेजरांचं. त्यांना वाटी आवडली असती.

वापरलेल्या सुया कपडे मऊ करायच्या औषधाच्या जाड रिकाम्या बाटलीत जातात. पूर्वी मी त्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. एकदा घंटागाडीवरच्या बाईने पिशवी घेताना विचारलं, “ताई, काच-बिच न्हाई न्हवं यात?” मी ‘नाही’ म्हणाले, आणि ते खरंच होतं, काच नव्हती. तिच्या हातात मोजे नव्हते. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत घरातल्या सुया-सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, तो वेगळाच द्यायचा असतो. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात भरलेली बाटली घेतात. बाटलीवर मी लाल शाईने ‘सुया’ असं लिहिलंय.

जेवणाआधी अर्धा तास टोचायचं असतं, आणि गेल्या वर्षी एकदा टोचून झाल्यावर गॅस संपला होता, तेव्हापासून निदान दोन पोळ्या झाल्याशिवाय मी पेनाला हात लावत नाही. आत्ता पावणेआठ झालेत. पोळ्या डब्यात आहेत, आमटी उकळतेय. वाटीत एक सुई दिसतेय. हे आतून विचारतायत, “आज मांडी की पोट?”

पोट. उजवीकडे, खालचा भाग, कालच्यापेक्षा बोटभर पुढे. चौदा.